तापमानाची रेषा वाचताना : हवामान-अंदाजाचा आलेख आणि उन्हाळ्यातील आरोग्य

उन्हाळ्यात वृत्तपत्र, दूरचित्रवाणी किंवा मोबाइलवर आपल्या गावाचे तापमान बहुधा एकाच आकड्यात सांगितले जाते : ‘आज कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअस.’ आकडा अचूक असला, तरी तो दिवसातील थोड्याशा वेळेपुरताच खरा असतो. आपले शरीर मात्र पूर्ण दिवस आणि त्यामागून येणारी रात्र सोसत असते. उष्णतेचा त्रास किती होईल, हे पारा किती चढला यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो किती वेळ चढून राहिला, रात्री किती उतरला आणि असे किती दिवस लागोपाठ आले यावरही असते. या प्रश्नांची उत्तरे एका आकड्यात मिळत नाहीत. ती तासागणिक पुढे सरकणाऱ्या आलेखात मिळतात.

१९९८ च्या उन्हाळ्यात ओडिशात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर पोहोचले आणि त्या महिन्यात शहरातील मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक भरली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविषयीचा कृती आराखडा अमलात आणला, आणि पुढे देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी तो मार्ग धरला. या सर्व आराखड्यांचा गाभा एकच आहे : लाट येण्याआधी ती लोकांना कळावी. उष्णतेची लाट भूकंपासारखी अवचित येत नाही. दोन-चार दिवस आधीच ती आलेखात उमटते. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ या मोबाइल ॲपवर पुढील दिवसांचा अंदाज विनामूल्य पाहता येतो, तर अनेक मोबाइल संचांत तासागणिक अंदाजाची रेषा आपोआप दिसते. घरातील एका व्यक्तीला जरी ती नीट वाचता आली, तरी वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, दीर्घ आजाराचे रुग्ण आणि उन्हात कष्ट करणारे अशा सर्वांच्या कामी येते.

आधी कडा वाचाव्यात

आलेख हाती आल्यावर रेषेकडे पाहण्याआधी त्याच्या कडा वाचाव्यात. खालच्या आडव्या कडेवर वेळ असते व ती डावीकडून उजवीकडे पुढे जाते. डाव्या उभ्या कडेवर बहुधा तापमान असते, तर उजव्या कडेवर हवेतील सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत किंवा पाऊस मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. कोणती रेषा कोणत्या कडेवर मोजायची, हे रंगावरून ओळखावे. उभी कड शून्यापासून सुरू होतेच असे नाही. ती २५ ते ४५ एवढीच असेल, तर दोन अंशांची वाढही कड्यासारखी दिसते; ० ते ५० अशी असेल, तर तीच वाढ सौम्य भासते. म्हणून रेषेच्या चढावर न विसंबता तिच्यावरील आकडा पाहावा.

वेळेबाबत एक घोटाळा वारंवार होतो. संगणकीय प्रारूपांवरून काढलेले काही आलेख आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार आखलेले असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे अशा आलेखातील ‘००’ ही आपली पहाटेची साडेपाच, ‘०६’ ही सकाळची साडेअकरा आणि ‘१२’ ही सायंकाळची साडेपाच. ओळखण्याची सोपी खूण अशी की, आपल्याकडे तापमानाचे शिखर साधारणपणे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते आणि नीचांक सूर्योदयाच्या सुमारास. रोजचे शिखर जर ‘०९’ च्या आसपास दिसत असेल, तर घड्याळ आंतरराष्ट्रीय आहे असे समजून साडेपाच तास मिळवावेत. हा हिशेब चुकला तर मध्यदुपार ही सकाळ समजून कोणीतरी शेताकडे निघायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आलेखातील तापमान सावलीतले असते. हवामान केंद्रात तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो, म्हणजे त्यावर थेट ऊन पडत नाही आणि वारा मात्र खेळता राहतो. डांबरी रस्त्यावर, वीटभट्टीजवळ, पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत शरीराला सोसावी लागणारी उष्णता यापेक्षा पुष्कळ अधिक असते. आलेखातील आकडा हा आपल्या हिशेबाचा तळ मानावा, कमाल मर्यादा मानू नये.

शिखराबरोबर पठारही पाहावे

समजण्यासाठी मे महिन्यातील, मध्य भारतातील एखाद्या शहराचा तीन दिवसांचा आलेख डोळ्यांपुढे आणू. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. सोमवारी पहाटे तापमान २८ अंश आहे. दुपारी बाराला ते ४० वर येते, तीनला ४३ चे शिखर गाठते, पाचच्या सुमारास पुन्हा ४० वर उतरते आणि रात्री दहाला ३४ असते. मंगळवारी पहाटेचा नीचांक ३० आणि शिखर ४४. बुधवारी पहाटे ३१. सकाळी आठलाच ३५, अकराला ४०, तीनला ४३, सायंकाळी सातला अजूनही ४० आणि रात्री दहाला ३७.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सोमवार आणि बुधवार सारखेच दिसतील, कारण दोन्ही दिवशी ‘कमाल ४३’. आलेखात मात्र ते दोन वेगळे दिवस आहेत. उभ्या कडेवरील ४० अंशांपासून एक आडवी रेघ कल्पावी आणि तापमानाची रेषा तिच्या वर किती तास राहते ते मोजावे. सोमवारी ती पाच तास वर आहे, बुधवारी आठ तास. सोमवारी सकाळी सहा ते अकरा या वेळात बांधकामाचे किंवा शेतीचे काम पुष्कळसे उरकता येते. बुधवारी दहानंतरच काम थांबवण्याची पाळी येते, आणि सायंकाळी पाचनंतर ‘ऊन उतरले’ म्हणून बाहेर पडणाऱ्यास उतरलेले काहीच आढळत नाही. दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळावे, ही सूचना सर्वांना ठाऊक आहे. ती किमान मर्यादा आहे. पठार रुंद असेल त्या दिवशी ती वेळ दोन्ही बाजूंना वाढवावी, आणि किती वाढवावी हे आलेखच सांगतो.

रात्रीची दरी

आलेखात शिखरांवर सर्वांची नजर जाते, दोन शिखरांमधील दरीकडे क्वचितच कोणी पाहते. आरोग्याच्या दृष्टीने ही दरी फार महत्त्वाची आहे. दिवसभर शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडे अधिक रक्त पाठवत असते आणि घामावाटे पाणी व क्षार जात असतात. ही झीज भरून निघण्याची वेळ म्हणजे रात्रीची झोप. दरी पुरेशी खोल नसेल, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात थकलेल्या शरीरानेच होते. तिसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिवस न तापताही त्रास होऊ शकतो. वरील उदाहरणात दरीचा तळ तीन रात्रींत २८ वरून ३१ वर आला आहे. शिखर जेथल्या तेथे राहून दरी उथळ होत जाणे, हा आलेखातील सर्वांत दुर्लक्षित धोक्याचा इशारा होय.

हवामान विभागही रात्रीचा वेगळा विचार करतो. दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त राहिले, तर तिला ‘उष्ण रात्र’ म्हणतात. त्याहूनही जास्त राहिले तर ‘अति उष्ण रात्र’. इशाऱ्यात हा शब्द दिसला की घरातील ज्येष्ठांच्या झोपण्याची जागा त्याच दिवशी बदलावी.

येथे घराच्या बांधणीचाही हिशेब करावा लागतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर ती हळूहळू आत सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील खोलीचे शिखर बाहेरच्या शिखरानंतर काही तासांनी येते. बाहेर रेषा उतरू लागलेली असते तेव्हा आत ती चढतच असते. पत्र्याचे छप्पर याच्या उलट, उन्हाबरोबर तत्काळ तापते आणि रात्री लवकर निवते. साधा भिंतीवरचा तापमापक खोलीत टांगून दोन-तीन दिवस सकाळ, दुपार, सायंकाळ व झोपण्याची वेळ अशा चार नोंदी घ्याव्यात व त्या आलेखाशेजारी लिहाव्यात. आपले घर बाहेरच्या हवेच्या किती पुढे किंवा मागे आहे, ते त्यातून उमगते. स्लॅबच्या घरात सायंकाळी बाहेरचे तापमान खोलीपेक्षा खाली आले की खिडक्या उघडाव्यात, आणि सकाळी रेषा वर चढू लागताच उन्हाकडच्या खिडक्या पडद्यांनी झाकाव्यात.

आर्द्रतेची उलटी रेषा

तापमानाच्या रेषेबरोबर सापेक्ष आर्द्रतेची रेषा बहुधा उलट्या दिशेने जाते : तापमान चढते तेव्हा ती उतरते. यावरून दुपारी हवा कोरडी होते असा समज होतो. प्रत्यक्षात हवेतील वाफ तेवढीच असू शकते. उष्ण हवा अधिक वाफ सामावू शकते, त्यामुळे तीच वाफ टक्केवारीत कमी भरते, एवढेच. उदाहरणार्थ, पहाटे २८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल आणि हवेतील वाफ तशीच राहिली, तर दुपारी ३५ अंशांना ती सुमारे ५४ टक्के दिसेल. वाफ कणभरही कमी झालेली नसते. म्हणून पहाटेची आर्द्रता दुपारच्या तापमानाशी जोडू नये; ज्या वेळेचे तापमान घेतले, त्याच वेळेची आर्द्रता घ्यावी. आलेखात ‘दवबिंदू’ची रेषा असेल तर काम सोपे होते, कारण ती वाफेचे प्रमाण थेट दाखवते. दवबिंदू २४ अंशांच्या वर असेल, तर घाम येईल पण सहजी वाळणार नाही.

आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, नुसत्या घाम येण्याने नव्हे. म्हणूनच ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र आली, तर उष्मा-निर्देशांकाच्या प्रचलित सूत्रानुसार शरीराला ती सुमारे ४७ अंशांसारखी जाणवते. उलट ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता ही सावलीत साधारण ४० अंशांसारखीच वाटते. चेन्नई, भुवनेश्वर, कोलकाता किंवा कोकणपट्टीतील कुटुंबांनी राजस्थानातील आकड्यांशी आपली तुलना करून निर्धास्त राहू नये. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली आणि तिची देशभर चर्चा झाली. किनाऱ्यावरील ३५ अंशांची दमट दुपार मात्र कोणाच्या चर्चेत येत नाही.

कोरड्या हवेचे स्वतःचे धोके आहेत. तेथे घाम इतक्या झपाट्याने वाळतो की तो येत असल्याचे लक्षातही येत नाही आणि शरीरातील पाणी घटत जाते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. लघवीचा रंग गडद पिवळा होणे ही पाणी कमी पडल्याची घरच्या घरी ओळखता येणारी खूण आहे. पाण्याच्या कूलरबाबतही आर्द्रतेची रेषा पाहणे उपयोगी ठरते. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. आर्द्रता वाढली की तो खोलीत केवळ ओल भरतो, आणि खिडक्या बंद असल्यास उकाडा अधिकच वाढतो. हवा ४० अंशांच्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडल्यास तो गरम हवाच अंगावर आणतो. अशा वेळी अंग ओल्या कापडाने पुसत राहावे.

किनाऱ्यावर वाऱ्याचे बाण

किनाऱ्यालगतच्या गावांत दिवसाचा आलेख वेगळा दिसतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की तापमानाची रेषा चढता चढता थबकते किंवा खाली वळते. चेन्नईत हे वारे पूर्वेकडून येतात, मुंबईत पश्चिमेकडून. वाऱ्याचे नाव तो ज्या दिशेकडून येतो तिच्यावरून ठेवले जाते, हे बाण वाचताना विसरू नये. जमिनीवरून येणारा वारा जोर धरून राहिला, तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो आणि त्या दिवशी पारा नेहमीच्या जागी न थांबता पुढे चढत जातो. चेन्नईतील मे महिन्याचे आणि मुंबईतील मार्चचे अतितप्त दिवस बहुधा असेच घडतात. आलेखात वाऱ्याची दिशा कोणत्या तासाला पालटते ते पाहावे. तेथून पुढे तापमान उतरते, पण आर्द्रता चढते. पारा उतरला म्हणून कष्टाचे काम लगेच हाती घेण्यात त्यामुळे मोठा लाभ नसतो.

सरासरीची तुटक रेषा

काही आलेखांत त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या नेहमीच्या तापमानाची तुटक रेषा दिलेली असते. अंदाजाची रेषा तिच्या किती वर आहे, यावर उष्णतेची लाट ठरते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असेल, तर हवामान विभाग लाट मानतो. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला, तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते.

हे अंतर शरीराच्या दृष्टीने फार बोलके आहे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मार्चअखेर अचानक आलेले ४० अंश मेअखेरच्या ४२ अंशांपेक्षा अधिक घातक ठरू शकतात, कारण शरीर तयार नसते. थंड प्रदेशातून नुकतेच आलेले पाहुणे, बरेच दिवस आजारी राहून उठलेले रुग्ण आणि कामावर नव्याने रुजू झालेले मजूर यांची स्थिती प्रत्येक महिन्यात अशीच असते. मुकादमाने नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देऊ नये. थोडे थोडे वाढवत न्यावे.

इशाऱ्यांचे रंग

अंदाजासोबत जिल्हानिहाय चार रंग दिलेले असतात. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळ्याचा अर्थ अनेक जण ‘विशेष काही नाही’ असा घेतात, आणि तो सर्वाधिक चुकीचा समजला गेलेला रंग आहे. उष्णतेच्या बाबतीत पिवळा म्हणजे सर्वसाधारण निरोगी माणसाला सोसवेल असा दिवस, पण बालके, वृद्ध आणि जुन्या आजाराचे रुग्ण यांना धोका संभवणारा. घरात असे कोणी असेल, तर आपल्यासाठी तयारीचा रंग पिवळाच आहे. नारिंगी असताना उन्हात दीर्घकाळ राहणाऱ्या किंवा अवजड काम करणाऱ्या धडधाकट माणसांनाही उष्णतेचे विकार होण्याची शक्यता वाढते. लाल रंगात सर्व वयोगटांना उष्माघाताचा मोठा धोका असतो.

अंदाज जसा दूर जातो

आलेखाच्या डाव्या टोकाकडील एक-दोन दिवस बरेच विश्वासार्ह असतात. उजवीकडे जावे तशी अनिश्चितता वाढते; काही आलेखांत ती रेषेभोवती रुंदावत जाणाऱ्या फिकट पट्ट्याने दाखवलेली असते. पट्टा अरुंद असेल तर रेषेवर विसंबावे. तो रुंद असेल तर ज्येष्ठांसाठी व रुग्णांसाठी पट्ट्याची वरची कड धरून चालावे, कारण तयारी करूनही लाट आली नाही तर फारसे काही बिघडत नाही. पाचव्या दिवसापुढील आलेखातून फक्त कल घ्यावा : तापमान चढते आहे की उतरते आहे. लग्नकार्य, यात्रा किंवा शिबिराची आखणी करताना दूरचा अंदाज एकदा पाहून सोडू नये, तर रोज नवा पाहावा. आणि तो केव्हा प्रसृत झाला ती वेळ वाचावी. समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या चित्रांवर ही वेळ क्वचितच असते. अशी चित्रे पुढे पाठवू नयेत.

पावसाचे उभे स्तंभ वाचताना एवढे ध्यानात घ्यावे की, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पावसाला ‘मुसळधार’ म्हणतात. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द जिल्ह्यातील मोजक्या जागांविषयी असतो. आपल्या अंगणात पाऊस आला नाही, म्हणजे अंदाज चुकला असे होत नाही. उन्हाळ्यातील वळवाचा स्तंभ सायंकाळी दिसला तर दिलासा वाटतो, पण त्यासोबत वीज असते. त्या वेळी मोकळ्या रानात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. सर पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी आर्द्रता वाढलेली असते, हेही त्याच आलेखात दिसेल.

आलेखावरून घरची आखणी

रोज रात्री जेवणानंतर दुसऱ्या दिवसाचा आलेख पाहण्याची सवय घरात लावावी. रेषा कोणत्या तासाला त्रासदायक पातळी ओलांडते आणि केव्हा परत येते, त्या दोन वेळा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. बाजारहाट, दवाखान्याची भेट, मुलांचे मैदानी खेळ आणि स्वयंपाकघरातील चुलीपुढची कामे या दोन वेळांच्या बाहेर बसवावीत. गर्भवती स्त्रीची तपासणी ठरलेली असेल, तर ती टाळू नये. आशा सेविकेशी बोलून सकाळची वेळ घ्यावी.

रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा काही मानसिक आजारांवरील औषधे घेणाऱ्यांच्या शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता कमी होऊ शकते. औषध मनाने बंद करू नये. रेषा चढणार असे दिसताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सर्वसाधारण सल्ला स्वतःला लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन उष्णतेने निकामी होते. शीतकपाट नसलेल्या घरांत किंवा वीज जाणाऱ्या गावांत ते बंद डब्यात घालून ओल्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा रीतीने ठेवावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला कितीही उन्हाळा असला तरी वेगळे पाणी पाजू नये. आईने अधिक वेळा अंगावर पाजावे व स्वतः पाणी प्यावे. जलसंजीवनीची म्हणजेच ओआरएसची पाकिटे लाटेआधीच आणून ठेवावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे आणि ते २४ तासांत संपवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकण्याची पद्धत अपायकारक आहे. ताक, लिंबूपाणी, पन्हे उत्तम. मद्य आणि अति गोड पेये टाळावीत. थांबलेल्या मोटारीत मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये.

एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यांची विचारपूस सकाळी तर होतेच. पठार रुंद असेल त्या दिवशी ती सायंकाळी सातनंतर आणि झोपण्याआधीही करावी, कारण घराच्या आतले शिखर तेव्हा येत असते.

ही लक्षणे दिसल्यास

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणे, खूप घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही उष्णतेमुळे आलेल्या थकव्याची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि घोटघोट पाणी किंवा जलसंजीवनी द्यावी. थोड्या वेळात आराम न पडल्यास दवाखान्यात न्यावे.

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक होऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. अंग कोरडे असेलच असे नाही; कष्ट करताना उष्माघात झालेला माणूस घामाने भिजलेलाही असतो. ११२ किंवा आपल्या राज्यातील १०८ या क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत शरीर थंड करणे सुरू ठेवावे : अंगावर पाणी ओतावे, ओली चादर गुंडाळून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी देऊ नये. या तापावर ती लागू पडत नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्ण किती वाजल्यापासून उन्हात किंवा उकाड्यात होता, त्याआधीच्या रात्री त्याला झोप लागली होती का आणि तो कोणती औषधे घेतो, हे डॉक्टरांना सांगावे.